फेरफार राहिलेल्या फाइली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेच्या कायद्यान्वये किनवट तालुका, ज्यात त्या वेळी माहूर मोडत असे, आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेड जिल्ह्यात दाखल झाला, तेव्हा रेणुकामातेचा गड, दत्तशिखर आणि पैनगंगेकाठची शेते जागेवरून तसूभरही ढळली नाहीत. स्थलांतर झाले ते केवळ दप्तराचे. संगणकात याच्या नेमके उलट घडते, म्हणजे माल हलतो आणि दप्तर जागच्या जागी राहते. आणि मुलांचे गेम एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेताना 'हरवतात' ते बहुधा याच कारणाने.

गेल्या उन्हाळ्यात मी माहूरला बहिणीकडे असताना तिच्या मुलाने, सी ड्राइव्ह भरला म्हणून, एका गेमचे सबंध फोल्डर कट करून डी ड्राइव्हवर पेस्ट केले, आणि दुसऱ्या दिवशी 'प्ले'च्या जागी 'इन्स्टॉल' ही अक्षरे पाहून "मामा, सगळं गेलं" म्हणत तो माझ्यापाशी आला. त्याचे डोळे भरले होते, आणि मला ते क्षुल्लक वाटले नाही. तीन महिन्यांच्या संध्याकाळी त्या खेळात जमा होत्या. मी त्याला प्रथम डी ड्राइव्हचे प्रॉपर्टीज उघडायला सांगितले. साठ जीबी जागा व्यापलेली होती. पीक उभे असलेले शेत नाहीसे झाले असे कोणी म्हणत नाही. सातबाऱ्यावर फेरफार चढायचा राहिला, एवढेच.

गेम विकत देणारी आणि चालवणारी स्टीम ही व्यवस्था प्रत्येक गेमची स्वतंत्र नोंद 'स्टीमॲप्स' फोल्डरात ठेवते आणि प्रत्यक्ष गेम त्याच्याच पोटातील 'कॉमन' फोल्डरात असतो. नुसता गेम उचलून नेला की नोंद मागे राहते. अशा वेळी सेटिंग्जमधील 'स्टोरेज'मध्ये नवा ड्राइव्ह लायब्ररी म्हणून दाखल करावा, तिथल्या 'कॉमन'मध्ये गेमचे फोल्डर मूळ नावानिशी ठेवावे, आणि मग निःशंकपणे 'इन्स्टॉल' दाबून तोच ड्राइव्ह निवडावा. हजर असलेल्या फाइलींची तपासणी होऊन उणे असेल तेवढेच डाउनलोड होते. बाहेरून जोडलेल्या डिस्कचे अक्षर ईचे एफ झाले असेल, तर 'डिस्क मॅनेजमेंट'मधून जुने अक्षर परत दिले की बहुधा काम भागते.

खरी हानी संभवते ती निराळ्या प्रसंगी. एकाच ड्राइव्हच्या अंतर्गत फाइल हलवताना केवळ नोंद बदलते, म्हणून साठ जीबी निमिषात सरकतात; ड्राइव्ह बदलला की आधी प्रत उतरवावी लागते आणि मग मूळ पुसले जाते, आणि मध्येच वीज गेली तर काही माल इकडे, काही तिकडे अशी अवस्था होते. तेव्हा दोन्ही ठिकाणे पाहिल्याखेरीज काहीही डिलीट करू नये. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही. तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, आणि तिथे नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर शाबूत असतो. म्हणून त्या डिस्कवर एक गाणेही उतरवू नये. रिकुव्हा किंवा फोटोरेक यांसारखे पुसलेल्या फाइली शोधणारे साधन दुसऱ्या ड्राइव्हवरून चालवावे आणि सापडलेला ऐवजही दुसरीकडेच ठेवावा. एसएसडीवर मात्र 'ट्रिम' नावाची आज्ञा मोकळ्या झालेल्या जागा लवकरच साफ करवून घेते, त्यामुळे तिथे आशा थोडी.

आणि ज्यासाठी मुलाचा जीव तळमळतो ती प्रगती, म्हणजे 'सेव्ह', पुष्कळदा गेमच्या फोल्डरात नसतेच. ती सी ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स'मध्ये, 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये किंवा 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात असते. 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू केल्याखेरीज ते दृष्टीस पडत नाही. आम्ही ते केले. फिकट रंगातले ते फोल्डर पडद्यावर उमटले, त्यात गेमच्या नावाचे दुसरे, आणि त्याच्या आत कालपरवाच्या तारखेची एक लहानशी फाइल होती. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि मगच 'इन्स्टॉल' दाबले. तपासणीची पट्टी शेवटास पोचली, आणि गेम त्याच नदीकाठी उघडला जिथे त्याने तो सोडला होता.