कार्बन बिंदू, उष्णतास्थिर
ज्यांचा व्यास सामान्यतः १० नॅनोमीटरपेक्षा (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग) कमी असतो व ज्यांच्यावर जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण पडताच दृश्य प्रकाश बाहेर पडतो, अशा कार्बनकणांना कार्बन बिंदू म्हणतात. तापमान वाढले तरी हे अनुस्फुरण ज्यांच्यात टिकून राहते, ते उष्णतास्थिर होत.

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात कार्बन-नलिकांच्या काजळीचे शुद्धीकरण करताना २००४ मध्ये असे कण प्रथम आढळले. सायट्रिक अम्ल, शर्करा किंवा वनस्पतींचे अर्क यांचे विद्राव बंद दाबपात्रात सु. १५०° ते २५०° से. तापमानास काही तास तापवून ते बनवितात. महाराष्ट्रात अंबरनाथ (जि. ठाणे) येथे माधुरी शरॉन व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये शिंगाड्याच्या सालींपासून हिरवे अनुस्फुरण असलेले कार्बन बिंदू तयार केले.

प्रकाश मिळविण्यापेक्षा तो उष्णतेत टिकविणे अधिक अवघड असते. प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थातील (एलईडीतील) अनुस्फुरक द्रव्य १००° से.हून अधिक तापू शकते. तापमानाबरोबर अणूंची कंपने वाढतात आणि शोषलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेच्या रूपात निघून जाते. पृष्ठभागावरील ऑक्सिजनयुक्त गट बदलतात किंवा नष्ट होतात. कोरड्या स्थितीत कण एकमेकांना चिकटल्यानेही प्रकाश मंदावतो.

यावर दोन उपाय योजतात. नायट्रोजनाचा अंतर्भाव करून व गाभ्याची ग्रॅफाइटसारखी संरचना वाढवून कण दृढ करता येतो. किंवा सिलिका, झिओलाइट अथवा लवण यांच्यात तो बंदिस्त करता येतो. त्यामुळे कंपने रोखली जातात, कण अलग राहतात व हवेतील ऑक्सिजन त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. साधे मीठही यासाठी वापरले गेले आहे. ते ८०१° से.ला वितळते, मात्र पाण्यात विरघळत असल्याने दमट हवेत त्यावर संरक्षक लेप आवश्यक ठरतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावर नारळ, काजू व कोकम यांचे कार्बनयुक्त अवशेष विपुल आहेत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे प्रसिद्ध झालेली शिरोड्याची मिठागरेही याच किनाऱ्यावर. नारळाच्या पाण्यापासून कार्बन बिंदू बनविता येतात, हे भारतातील संशोधनाने दाखविले आहे. तथापि स्वस्त कच्चा माल एवढ्यानेच भागत नाही. फळांतील शर्करा व नायट्रोजन यांचे प्रमाण जातीनुसार व हंगामानुसार बदलते. त्याबरोबर कणांचा रंग व उष्णतास्थैर्यही बदलते. म्हणून अवशेषांचे शुद्धीकरण व प्रत्येक घाण्याची तापवून केलेली चाचणी यांशिवाय अशा पदार्थाचा दिव्यात भरवशाने उपयोग करता येत नाही.