व्यवसायोपचार : नावातच अडकलेले शास्त्र

'ऑक्युपेशनल थेरपी' या वैद्यकीय शाखेला मराठीत 'व्यवसायोपचार' हा अधिकृत शब्द आहे. शब्द सुबोध खरा. पण त्याने जेवढा उलगडा केला, त्याहून अधिक घोटाळा केला आहे. येथे नोकरी-धंदा मिळवून देतात, असे काहींना वाटते; उरलेल्यांना हे फिजिओथेरपीचेच दुसरे नाव वाटते.

वास्तविक येथे 'व्यवसाय' म्हणजे मनुष्याचा वेळ ज्यांनी व्यापलेला असतो, ती सर्व कामे : अंघोळ, जेवण, स्वयंपाक, शाळेतले लेखन, लहान मुलाचे खेळणे, देवपूजा. आजार, अपघात वा जन्मजात व्यंगामुळे यांतले जे अडते, ते पुन्हा करता यावे, हे या शास्त्राचे प्रयोजन. भौतिकोपचाराचा भर शरीराची हालचाल, बळ आणि तोल यांवर असतो. व्यवसायोपचार त्या हालचालीचे पुढे काय होते, हे पाहतो.

धायरीतील एखाद्या इमारतीत राहणाऱ्या, पक्षाघाताने उजवी बाजू अधू झालेल्या आजींचे उदाहरण कल्पावे. खांदा किती अंशांनी वर जातो, याची नोंद आवश्यकच आहे; पण आजींची अडचण वेगळीच असते. विळीवर भाजी चिरायला दोन्ही हात लागतात. बटाटा खिळ्यात रोवून स्थिर ठेवणारी पाटी मिळाली, तर एका हाताने सुरीने काम होते. जाड मुठीचा चमचा, कमोडशेजारी भिंतीला दांडी, नऊवारीऐवजी पुढून बंद होणारा गाऊन, अशा साध्या योजनांनी परावलंबन कमी होते. गणपतीत दुर्वा निवडणे हा तर बोटांच्या चिमटीसाठी उत्तम सराव, आणि आजींना त्यात व्यायामाचा कंटाळाही नाही. मात्र त्यासाठी उपचारकाने त्यांचे घर, न्हाणीघर आणि दिनक्रम जाणून घ्यायला हवा. दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून हे उमगत नाही.

या विद्येची संघटित सुरुवात अमेरिकेत १९१७ साली झाली. भारतात ती आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकर यांचे. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लंडी विवाहानंतर येथल्याच झाल्या. फलटणचे कृषिशास्त्रज्ञ बी. व्ही. निंबकर हे त्यांचे चिरंजीव. त्यांनी अमेरिकेत जाऊन या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातील पहिले प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. एवढा वारसा असूनही ही शाखा आज आपली ओळख सांगताना चाचरते, हे नवलच.

त्याचा दोष केवळ लोकांच्या अज्ञानाला देता येणार नाही. यंत्रे आणि व्यायाम यांना रुग्ण लवकर मान देतो, म्हणून काही व्यवसायोपचारकही त्यांचाच आश्रय घेतात. मग दोन शाखांत फरक उरतो कुठे? मुलांच्या केंद्रांत तर झोपाळे आणि रंगीत चेंडू हेच उपचार समजले जाऊ लागले आहेत. झोपाळा वाईट नव्हे. पण मूल त्यानंतर शाळेत डबा स्वतः उघडते का, बुटांचे बंद बांधते का, हे कोणी विचारत नसेल, तर उपचाराचा रोख चुकला.

कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र स्थान दिले आहे. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा २००२ चा अधिनियम आहे, तर संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदा झाला. तेव्हा उपचारकाची नोंदणी आहे का, हे पालकांनी व रुग्णांच्या नातलगांनी निःसंकोच विचारावे. पहिल्या भेटीत त्याने 'दुखते कुठे' एवढेच विचारले, की 'सकाळी उठल्यावर कोणते काम अडते' हेही विचारले, याकडेही लक्ष ठेवावे.