विश्लेषण : काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन पाडायची की सांभाळायची?

काळा घोडा परिसरात डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या रांगेतच लोखंडी सांगाड्याची एक जीर्ण इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला तो इथेच. तिकीट होते एक रुपया. तेव्हा हे वॉटसन हॉटेल होते. आजची ही एस्प्लनेड मॅन्शन धोकादायक ठरल्याने २०१९मध्ये रिकामी करण्यात आली.

इमारत वेगळी कशी?

१८६०च्या दशकात व्यापारी जॉन वॉटसन यांनी ती उभारली. आराखडा अभियंता रोलँड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या छतावरही त्यांनी काम केले होते. बिडाचे सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून मुंबईत जोडले गेले. आज आपण ज्याला ‘प्रीफॅब’ म्हणतो, तेच हे. भार खांब-तुळयांवर, मधल्या विटा निव्वळ भरावाच्या.

हॉटेलचे पुढे काय झाले?

१९०३मध्ये ताज सुरू झाले आणि वॉटसनचा दिमाख ओसरला. (जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून ताज उभे राहिले, ही गोष्ट सगळेच सांगतात, ठोस पुरावा मात्र नाही.) हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांमध्ये पार्टिशन घालून गाळे पाडले गेले. कुटुंबे आली, दुकाने आली. सत्र न्यायालय शेजारीच, त्यामुळे वकिलांची कार्यालयेही थाटली गेली.

मग धोका कशाचा?

बीड दाब उत्तम सोसते, ताण नाही. पोलाद आधी वाकते; बीड एकदम तुटते. त्याला वेल्डिंगही सहज होत नाही. त्यात गळती आणि समुद्राची खारी हवा. २००५मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला.

आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडण्याची शिफारस केली. वारसातज्ज्ञांनी विरोध केला. सांगाडा जोडलेल्या भागांचा आहे. त्यामुळे एकेक खांब, एकेक तुळई तपासून खराब तेवढे बदलणे तत्त्वतः शक्य आहे. ते वेळखाऊ आणि महागडे आहे, हे खरे. पण सरसकट पाडण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी. मात्र खाली फुटपाथवरून रोज माणसे जातात, तेव्हा तोवर भक्कम टेकू हवेतच.

इमारत पाडली तर भाडेकरूंच्या हक्कांचा प्रश्न येतो; राखली तर दुरुस्तीचे पैसे मालकाने, भाडेकरूंनी की सरकारने द्यायचे, हा.