सर्पगंधा, खाजकुइली आणि कंपवात

नवी मुंबई हे तरुणांचे शहर म्हणून वसले. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि त्यापुढील काळात वाशी, नेरूळ, बेलापूर येथील वसाहतींत राहावयास आलेली कितीतरी कुटुंबे ऐन उमेदीतली होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत किंवा तुर्भ्याच्या बाजारात ज्यांनी कर्तृत्वाची वर्षे वेचली, ती पिढी आज आजी-आजोबांची झाली आहे. साहजिकच उतारवयातील विकारही या शहराच्या परिचयाचे होऊ लागले आहेत. कंपवात हा त्यांपैकीच एक.

या विकाराची सुरुवात नकळत होते. हात मांडीवर स्वस्थ असतानाच थरथरू लागतो, अक्षर बारीक होत जाते, सदऱ्याची गुंडी लावण्यास वेळ लागतो. घरातील मंडळींना प्रथम वाटते की वय झाले. मग वाटते की स्नायूंतले बळ गेले. तेलाचे मालिश आणि शक्तिवर्धक औषधे सुरू होतात आणि निदान लांबणीवर पडते.

वस्तुतः स्नायूंचे रोग निराळे. स्नायुक्षयात स्नायूंचे तंतूच झिजत जातात. तो बहुधा आनुवंशिक दोष असून त्याच्या एका गंभीर प्रकाराची लक्षणे बालपणीच दिसू लागतात. कंपवातात स्नायू धड असतो, त्याला मिळणारी आज्ञा बिघडलेली असते. बैल धडधाकट आहेत, परंतु गाडीवानाच्या हातचा कासरा आखडला आहे, अशी ही अवस्था होय. मध्यमेंदूत काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे, तिचा वेग राखणे आणि नको ती हालचाल आवरणे ही कामे या द्रव्याच्या आधारे चालतात. पेशी हळूहळू नष्ट होतात व हात थरथरू लागेपर्यंत त्यांचा फार मोठा भाग गेलेला असतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून पाश्चात्त्य वैद्यकात त्याला त्याचे नाव मिळाले. परंतु त्यामागील रासायनिक कारण उलगडण्यास पुढे सुमारे दीडशे वर्षे लागली आणि त्या उलगड्यात आपल्याकडील दोन वनस्पतींचा वाटा आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

पहिली वनस्पती सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगासंबंधीचा आपला अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मांडला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच्या मोठ्या मात्रेने काही रुग्ण कंपवाताच्या रुग्णांसारखे ताठर होतात, असेही दिसून आले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी रेसरपीन देऊन ससे निश्चल केले, आणि मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले! डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. एल-डोपा शिरते व तेथे त्याचे डोपामीन होते. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९६७ मध्ये अमेरिकेतील डॉ. कोत्झियास यांनी डी,एल-डोपा मोठ्या मात्रेत पोटातून देऊन रुग्णांत लक्षणीय सुधारणा दाखविली. आजही कंपवातावरील उपचाराचा एल-डोपा हाच कणा आहे.

दुसरी वनस्पती म्हणजे खाजकुइली. खारघर-कर्नाळ्याच्या बाजूस डोंगरउतारावर हिंडणाऱ्यांना हिची ओळख करून देण्याची गरज नाही. शेंगेवरील सोनेरी लव अंगाला लागली की ओळख आपोआप होते. आयुर्वेदात हिला कपिकच्छू, आत्मगुप्ता अशी नावे असून हिचे बी बलवर्धक म्हणून वापरतात. मद्रास विद्यापीठातील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच या बियांतून एल-डोपा वेगळे केले होते. त्या वेळी त्याचा उपयोग काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते! त्याचे प्रमाण सामान्यतः शेकडा ३ ते ६ असते.

बियांच्या चूर्णाचा रुग्णांवरील अभ्यास मुंबईत झाला. डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांचा या विषयावरील निबंध १९७८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे या बियांपासून सिद्ध केलेल्या ‘एचपी-२००’ या चूर्णाची निरनिराळ्या केंद्रांत ६० रुग्णांवर १२ आठवडे चाचणी होऊन १९९५ मध्ये तिचे अनुकूल निष्कर्ष जाहीर झाले. मात्र तीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही तिची मर्यादा होय. २००४ मध्ये लंडन येथे ८ रुग्णांवर काटेकोर तुलना करण्यात आली. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण सुमारे ३५ मिनिटांत दिसू लागला, नेहमीच्या गोळीला ६९ मिनिटे लागली. शिवाय चूर्णाचा परिणाम ३७ मिनिटे अधिक टिकला.

हे आकडे वाचून कोणी बाजारातील कवचबीजाची पुडी आणण्यास धावेल, म्हणून दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. लंडनमधील मात्रा एका वेळची ३० ग्रॅमची होती. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या कुपीत त्याचा अल्पांशही नसतो. बियांतील एल-डोपा जातीनुसार व जमिनीनुसार बदलते आणि बी पाण्यात उकडल्यास घटते. शिवाय गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते. त्यामुळे एल-डोपा मेंदूबाहेर वाया जात नाही आणि मळमळही कमी होते. चूर्णात अशी जोड नसते. युरोपात शेंगेतून प्रथम एल-डोपा काढणाऱ्या गुगेनहाइम यांनी १९१३ च्या सुमारास स्वतः अडीच ग्रॅम घेऊन पाहिले, तेव्हा त्यांना वांत्यांनी बेजार केले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ आठवड्यांच्या एका अभ्यासात १४ पैकी ७ रुग्णांना पोटाच्या तक्रारींमुळे अथवा हालचाल बिघडल्यामुळे चूर्ण मध्येच सोडावे लागले.

यापेक्षा गंभीर धोका आहे तो स्वतःच्या मनाने बदल करण्याचा. गोळ्या चालू असताना त्यांच्या जोडीला चूर्ण घेतल्यास एल-डोपाची मात्रा नकळत वाढते. अंग आपोआप वळवळू लागते, भास होतात. उलट, ‘आता झाडपाल्याचे औषध सुरू केले’ म्हणून गोळ्या एकाएकी थांबविल्यास शरीर ताठर होऊन तीव्र ज्वर येऊ शकतो व तो प्राणावरही बेतू शकतो. म्हणून रुग्ण कोणते चूर्ण, काढा वा आसव घेतो, हे मज्जाविकारतज्ज्ञास न संकोचता सांगावे. वैद्यांकडे गेल्यास चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. एल-डोपाच्या गोळीबाबत आणखी एक गोष्ट घरात सहज पाळता येण्याजोगी आहे: डाळी, दूध व मांस यांतील प्रथिने तिच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून डॉक्टरांनी अन्य सूचना दिली नसल्यास ती जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी.