झरी जामणी आणि मजुरी : ठोकळ माहिती

झरी जामणी : यवतमाळ जिल्ह्यातील तेलंगणा सीमेलगतचा तालुका. कोलाम, गोंड आदिवासींची वस्ती. मुख्य पीक कापूस. मुकुटबन परिसरात सिमेंट उद्योग.

शेतमजुरीच्या रीती
• रोजंदारी : दिवसाचा ठरलेला दर. निंदणी, खुरपणी.
• वेचणी : कापसाच्या किलोमागे दर.
• उक्ते काम : सगळ्या कामाची एकरकमी बोली.
• सालगडी : वर्षाचा करार. साल गुढीपाडव्याला बदलते.

वेतनाच्या तीन पातळ्या
• किमान : जगणे आणि काम करण्याची ताकद टिकवणारे. कायद्याने ठरलेल्या दरापेक्षा कमी देणे बेकायदा.
• न्याय्य : किमानाच्या वर. उद्योगाच्या देण्याच्या क्षमतेवर अवलंबून.
• निर्वाह : शिक्षण, आजारपण, म्हातारपण यांची तरतूद होईल इतके. राज्यघटनेच्या कलम 43 मध्ये उल्लेख.

महत्त्वाचे टप्पे
• 1948 : किमान वेतन कायदा.
• 1957 : भारतीय श्रम परिषदेचे किमान वेतनाचे निकष. कुटुंबात तीन उपभोग घटक, प्रत्येकी 2,700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड.
• 1977 : महाराष्ट्र रोजगार हमी कायदा. अंमल 1979 पासून.
• 2006 : केंद्राच्या रोजगार हमीचा पहिला टप्पा. त्यात यवतमाळ जिल्हा. तेव्हा ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवस कामाची हमी, 15 दिवसांत मजुरी.
• 2021 : असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू.
• 2025 : वेतन संहिता 21 नोव्हेंबरपासून लागू. 1948 चा कायदा तिच्यात विलीन.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दिवसाचा दर : 2023-24 मध्ये 273 रुपये, 2024-25 मध्ये 297, 2025-26 मध्ये 312.