फोटो नेमका कशाचा काढला?

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याहून पुण्याला जाऊन मेंदूचा ‘फोटो’ काढून आलेल्या माणसाच्या हातात मोठं पाकीट असतं आणि तोंडी एकच वाक्य: सगळं नॉर्मल आहे. नॉर्मल काय, हे मात्र पाकिटात कुणी बघत नाही.

उदाहरणार्थ, मेंदूतल्या धमनीची भिंत एखाद्या जागी कमजोर होऊन फुगते, तो अॅन्युरिझम. शंभरातल्या साधारण तिघा प्रौढांना तो असतो. बहुतेकांचा कधी फुटतही नाही. साध्या सीटी स्कॅनमध्ये हा फुगा सहसा दिसत नाही. दिसतं ते तो फुटून सांडलेलं रक्त. अचानक असह्य डोकं दुखू लागल्यापासून सहा तासांत काढलेला सीटी त्यात क्वचितच चुकतो. पुढे रक्त विरत जातं. ‘दोन दिवस गोळी घेऊन बघू’ म्हणणाऱ्याचा सीटी म्हणूनच फसवा ठरू शकतो. मग मणक्यातून पाणी काढून तपासावं लागतं.

‘एमआरआयमध्ये सगळंच दिसतं,’ हा आणखी एक पक्का गैरसमज. जुन्नर तालुक्यातल्याच खोडदची जीएमआरटी दुर्बीण दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचे रेडिओ संकेत टिपते. एमआरआय टिपतो ते आपल्या शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचे. भावंडंच म्हणायची! बारीक तपशील मिळावा म्हणून खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. तरी तिथेही बारकाव्याला सीमा आहे, आणि एमआरआयलाही. रक्तवाहिन्यांसाठी तर एमआर अँजिओग्राफी वेगळी सांगावी लागते. तिची रंगद्रव्याविना होणारी नेहमीची पद्धत वाहत्या रक्तावर चालते. फुग्यात रक्त संथ फिरत असेल किंवा गोठलं असेल, तर चित्र फिकं पडतं. तीन मिलिमीटरहून लहान फुगे निसटण्याची शक्यता जास्त. रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटी अँजिओग्राफीत कवटीच्या तळाचं हाड आड येतं. उलटही घडतं: धमनीला फाटा फुटतो तिथला निरुपद्रवी, नरसाळ्यासारखा फुगवटा अॅन्युरिझम समजला जातो.

मग धमनीत नळी घालून करायची डीएसए ही अँजिओग्राफीच सरसकट का करू नये? १९२७ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी मेंदूच्या अँजिओग्राफीची सुरुवात केली, आणि तपशिलात डीएसए आजही अव्वल आहे. पण तिच्यात पक्षाघाताचा थोडा धोका असतो. दर डोकेदुखीला तो पत्करत नाहीत. शिवाय रक्तस्राव झालेल्या काही रुग्णांत तीही पहिल्या खेपेला रिकामी जाते. काही दिवसांनी डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात, तेव्हा नातेवाइकांना वाटतं, पहिली बिघडली होती.