हिवाळ्याचे ऊन आणि घरचा कॅमेरा



छायाचित्रणाचा छंद असलेल्या माणसाला आवडता ऋतू कोणता असे विचारले, तर पुष्कळजण पावसाळ्याचे नाव घेतील. मला विचाराल तर मी दिवाळी सरल्यापासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस मागून घेईन. या दिवसांत आमच्या माळव्यात रानाचा हिरवेपणा ओसरू लागलेला असतो हे खरे. परंतु दोन गोष्टी अशा घडतात की ज्या इतर ऋतूंत घडत नाहीत. एक म्हणजे ऊन सौम्य होते, आणि दुसरी म्हणजे त्या उन्हाच्या ओढीने सारे घरच गच्चीवर आणि अंगणात येऊन बसते. चित्र काढणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

ऊन सौम्य का होते, हे प्रथम पाहू. आमचे इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनच्या अखेरीस येथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो. अशा वेळी माणसाचे चित्र काढावे, तर कपाळ आणि नाक तेवढे चकाकते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी उमटतात. डिसेंबरच्या २२ तारखेस मात्र भर दुपारीदेखील सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांपेक्षा वर चढत नाही, आणि सकाळी नऊ वाजता तर तो अवघा २२ अंशांवर असतो. म्हणजेच ऊन वरून कोसळत नाही. ते बाजूने येते, चेहऱ्यावरून हात फिरवावा तसे. गालाचा उतार, हाताच्या शिरा, घोंगडीची वीण, पानाच्या कडेवरील दव या सर्वांना उठाव येतो तो या तिरप्या उन्हामुळे.

यासाठी पंचांग किंवा कोष्टके जवळ बाळगण्याचे कारण नाही. आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीच्या दुपटीहून लांब असेल, तर कॅमेरा बाहेर काढावा. ती उंचीइतकी झाली, तर माणसांना झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत बसवावे. आणि ती पायांखाली आली, तर कॅमेरा ठेवून जेवायला बसावे! हिवाळ्यात हा तिसरा प्रसंग आपल्याकडे येतच नाही. मात्र दिवस लहान, जेमतेम पावणेअकरा तासांचा. तेव्हा आळस करून चालत नाही.

या ऋतूतील पहिली परीक्षा धुक्याची. धुक्यात काढलेले चित्र घरी येऊन पाहावे, तर पांढरे धुके मळकट करडे झालेले असते आणि माणसे काळवंडलेली दिसतात. हा दोष धुक्याचा नव्हे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य फार काळे नाही, फार पांढरेही नाही, असे मधल्या छटेचे धरून चालतो. त्यामुळे पुष्कळ पांढरे दिसले की प्रकाश जास्त झाला अशी त्याची समजूत होते आणि तो चित्र गडद करतो. अशा वेळी आपण त्याला एक पायरी अधिक प्रकाश द्यावा. आजकाल बहुतेक घरांत कॅमेरा म्हणजे मोबाइलच; त्याच्या पडद्यावर माणसाच्या चेहऱ्याला बोट लावले की बाजूला सूर्याची लहानशी खूण दिसते, ती थोडी वर सरकवली की काम होते. आणखी एक सूचना. गार हवेतून कॅमेरा एकदम उबदार, वाफाळलेल्या स्वयंपाकघरात आणला, तर भिंगावर बाष्प धरते. तो पिशवीतच बंद ठेवून अर्धा तास तसाच राहू द्यावा.

धुके विरू लागले की मी सिरपूरच्या तलावावर जात असे. होळकर संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या जलाशयाला २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत स्थान मिळाले. हिवाळ्यात हिमालयापलीकडून बदके येथे उतरतात. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या आणि टोकदार शेपटीचे तलवार बदक ही त्यांपैकी सहज ओळखू येणारी. काठाच्या ओल्या मातीत शेपूट हलवीत धोबी पक्षी फिरत असतो. सकाळी पूर्वेच्या काठावर, पाठीशी ऊन घेऊन, अगदी स्वस्थ बसावे. पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरावा. डोळा स्पष्ट उमटला की बाकीचे थोडे अस्पष्ट असले तरी चित्र जिवंत वाटते. उडता पक्षी टिपायचा, तर झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच उघडावी. परंतु चित्रासाठी त्याला मुद्दाम उडवू नये. हजारो मैल उडून आलेल्या जीवाची विश्रांती मोडून मिळवलेले चित्र मला तरी भूषणावह वाटत नाही.

आता एक स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मी या बदकांच्या मागे वेडा झालो होतो. रोज पहाटे साडेपाचला निघायचा नेम. माझ्याआधी आई उठत असे, आणि शाल गुंडाळून, चहाचा पेला हातात घेऊन दाराशी उभी राहत असे. ‘कानाला बांध रे काही,’ एवढेच बोलणे. त्याच वर्षी चैत्रात ती गेली. भिंतीवर लावण्यासाठी छायाचित्र शोधू लागलो, तेव्हा त्या हिवाळ्यातील बदकांची सातशेहून अधिक चित्रे निघाली, आणि आईचे एक. तेही एका पहाटे कॅमेरा चालतो की नाही हे पाहण्यासाठी काढलेले. अपुऱ्या उजेडामुळे झडप बराच वेळ उघडी राहिली होती. चेहरा हललेला, अर्धा चौकटीबाहेर. पेला धरलेला हात मात्र स्पष्ट आला आहे. रोज पुढे केला जाणारा तो हात मी एकदाच पाहिला, आणि तोही चुकून.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. तलावाची वाट धरण्यापूर्वी घराकडे पाहायचे. गच्चीवर मटार सोलणारी, लोकर विणणारी, उन्हाकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचणारी माणसे कामात असतात, म्हणून ती स्वाभाविक दिसतात. ‘इकडे बघा’ म्हटले की ती छायाचित्रासाठी बसल्यासारखी दिसू लागतात. म्हणून काहीच म्हणू नये. ऊन त्यांच्या बाजूने येईल असे पाहून आपण जागा बदलावी. त्यांना हलवू नये. मुलाचे चित्र काढताना गुडघ्यावर बसून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. आणि अधूनमधून कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यावा, कारण चित्रे काढणारा माणूस घरच्या संग्रहातून हटकून गहाळ असतो.

ज्या शहरातून मी बोलत आहे, तेथेच भारतातील एका थोर छायाचित्रकाराची सुरुवात झाली. राजा दीनदयाल हे १८६६ साली इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले, १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. १८९० च्या दशकात त्यांनी हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला. तेथे छायाचित्रे काढणारीही स्त्रीच होती. घरातल्या स्त्रीची प्रतिमा मागे राहावी म्हणून त्या काळी एवढा खटाटोप करावा लागला. आज तो पडदा नाही, यंत्र तर खिशात आहे. तरी आपल्या घरातील आई-आजींची किती चित्रे त्यांच्या रोजच्या रूपात आहेत, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

या ऋतूचा कळस म्हणजे संक्रांत. काळी चंद्रकळा आणि तिच्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने! येथे धुक्याच्या उलट प्रकार होतो. एवढे काळे पाहून प्रकाशमापक चित्र उजळ करतो, चंद्रकळा राखाडी होते आणि हलव्याचे दाणे चुन्याच्या ठिपक्यांसारखे सपाट दिसतात. म्हणून येथे एक पायरी प्रकाश कमी करावा आणि ऊन बाजूने घ्यावे, म्हणजे मंद आचेवर तासन् तास खपून आणलेला हलव्याचा काटा चित्रातही दिसेल. बोरन्हाण शक्यतो दाराजवळच्या उजेडात किंवा अंगणात करावे. बोरे डोक्यावरून ओघळतात तो क्षण सर्वच टिपतात; त्यानंतर ती वेचण्यासाठी उडणारी मुलांची झुंबड आणि कौतुकाने पाहणारी आजी हेही विसरू नये.

आणि शेवटचे काम, जे बहुतेकजण टाळतात. ऋतू संपला की शेकडो चित्रांतून वीस-पंचवीस निवडून कागदावर छापून घ्यावीत. प्रत्येकामागे मऊ पेन्सिलीने नाव, स्थळ आणि तारीख लिहावी. नाव नसलेला चेहरा दोन पिढ्यांनी परका होतो. ‘हे कोण?’ या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस घरात आहे तोवरच ते लिहून ठेवलेले बरे.

उद्या सकाळी नऊच्या सुमारास, आपली सावली आपल्याहून लांब असताना, गच्चीवर जा. तेथे कोणीतरी मटार सोलीत बसलेले असेल. बदके आणखी तासभर तलावावर थांबतील.